दाजींच्या पाणबुडीची चौकशी

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी बोटीवरच्या धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार.

पुढे वाचण्याआधी पाकीट नीट बघा. चिकटवलेल्या जागेवर मी आडवी सही केली आहे. सहीचे दोन तुकडे जुळत नसतील तर वाटेत कुणीतरी पत्र फोडलं असं समजा आणि आतलं सगळं खोटं आहे असं म्हणायला मोकळे व्हा. बाकी गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला गेला का? इकडे मी ठणठणीत आहे, फक्त दोन किलोने उतरलोय, आणि त्याला कारण आमच्या बोटीवरचे हे शास्त्रज्ञ.

दाजी, आपली बोट आता बघाल तर ओळखणार नाही. पाणबुड्यांच्या मागे धावायला बांधलेली ही बाई, पण नेव्हीने तिला समुद्र-संशोधनाला देऊन टाकल्यापासून तिची पार रयाच गेली. पुढची तोफ उपटून तिथे क्रेन बसवली आहे. दारूगोळ्याच्या खोलीचं शीतगृह केलंय. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकं मांडली आहेत. तुम्ही कानाला यंत्र लावून जिथे तासन्‌तास समुद्र ऐकत बसायचात त्या खोलीत वॉशिंग मशीन आलंय (आवाज अजून येतो, पण पायजम्यांचा). करडा रंग जाऊन पांढरा आला. पूर्वी तिला एका हिंस्र जनावराचं नाव होतं, आता पाखराचं दिलंय. आणि सामानाच्या यादीत शेवटी चक्क असं लिहिलंय : ‘स्टोअरकीपर, किल्ल्यांसह, एक’. म्हणजे मी. नेव्हीने मला नांगराच्या खाली नोंदवून हवाली केलं.

आता मला सांगा, धडधाकट माणसं एवढ्या खर्चाची बोट घेऊन समुद्रात जातात, तारेला नळी बांधून खाली सोडतात, चिखल वर काढतात आणि तो कुलपात ठेवतात. चिखल! कुलपात! कुठेतरी पाणी मुरतंय हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यांच्या प्रमुख बाई (मी त्यांना मनातल्या मनात चिखलबाई म्हणतो, एकदा तोंडावरही म्हटलं गेलं) अतिशय गोड बोलतात. सकाळी भेटल्या की आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. चौकशी करणारा माणूस मला मुळातच आवडत नाही. म्हणून मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक वही घातली. ‘सकाळी दहा. बाई चिखलाकडे बघून हसल्या.’ ‘दुपारी दोन. पुन्हा हसल्या.’ अशा सत्तावन्न नोंदी आहेत.

शेवटी राहवेना. किल्ल्या सगळ्या माझ्याकडेच, तेव्हा एके दिवशी सगळे जेवायला बसलेले पाहून मी शीतगृह उघडलं. लांबलचक नळ्यांमध्ये चिखल, नळ्यांवर आकडे. मी एका नळीतला हातभर चिखल पुरावा म्हणून काढला, दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात भरला आणि आत काही लपवलंय का बघायला चमच्याने चांगला ढवळला. काही नव्हतं. माझ्या स्टोअरची शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे, सहीशिवाय सुईसुद्धा हलत नाही. तेव्हा मी रजिस्टरमध्ये ‘चिखल, हातभर, मिळाला’ असं लिहून खाली स्वतःची सही केली, आणि त्या सहीनेच पकडला गेलो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! चिखलबाईंनी डबा उघडून बघितला आणि त्या तिथेच दोरखंडाच्या वेटोळ्यावर मटकन बसल्या. समुद्राच्या तळाशी चिखल म्हणे थरावर थर असा साचतो, आणि मी चमच्याने ढवळली ती सहा हजार वर्षं होती. मी म्हटलं, परत नळीत भरून देतो. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि न बोलणाऱ्या माणसाचा तर मला जास्तच संशय येतो.

एवढं होऊनही त्यांनी माझी तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी येऊन, बोटीचा इतिहास लिहायचाय, नेव्हीच्या काळातली जुनी रजिस्टरं द्याल का, म्हणून विचारलं. ऐकलंत? चिखल हे निमित्त, डोळा होता आपल्या रजिस्टरांवर! माझ्या तर पाचावर धारण बसली. मी सगळी रजिस्टरं रंगाच्या डब्यांमागे लपवली आणि ताकास तूर लागू दिली नाही. पण ऐकण्याच्या खोलीतली तुमची वही तेवढी निसटली. वॉशिंग मशीन डुगडुगू नये म्हणून कुणीतरी ती त्याच्या पायाखाली घातली होती आणि ती बाईंना सापडली.

त्या वहीत काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. लढाईचे दिवस, भर दुपार. तुम्ही यंत्रातून आवाज सोडलात आणि खालून कशावर तरी आपटून तो ठणठणीत परत आला. तुम्ही ओरडलात, ‘पाणबुडी!’ कॅप्टनने पाण्यात खोल जाऊन फुटणारी सहा पिंपं टाकली, आणि नंतर खालून येणारा तो आवाज शांत झाला. शाबासकीचं पत्र आलं. त्याच पत्राच्या जोरावर मी बाबांना गळ घातली की ताईसाठी याच्यापेक्षा चांगला मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. पाणबुडी बुडवणारा जावई! गेली एकतीस वर्षं मी ही गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात सांगतोय. तुम्ही स्वतः कधी सांगत नाही, मी सुरू केलं की उठून बाहेर जाता. हा तुमचा विनय.

मागच्या मंगळवारी बाईंनी वहीतले आकडे लावून बोट नेमकी त्या जागी नेली. मला बोलावून तळाचं चित्र काढणाऱ्या यंत्राचा पडदा दाखवला. दाजी, तिथे डोंगर आहे. तळापासून सरळ वर आलेला, माथा पाण्याखाली साठ वाव खोल. नकाशात तिथे नुसतं निळं पाणी दाखवलंय. एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही ऐकलात तो हाच. डोंगरावर पिंपं टाकून आपण पुढे निघून गेलो, मग आवाज शांत होणारच. बाई एवढ्या खूश होत्या की मला चहा दिला (मी प्यायलो नाही). म्हणाल्या, ‘हा डोंगर जगात सगळ्यात आधी तुमच्या दाजींनी शोधला, आम्ही नाही.’ आता डोंगराला त्या तुमचं आडनाव देणार म्हणतात. माझा सल्ला स्पष्ट आहे : फसू नका. डोंगर आला म्हणजे पाणबुडी गेली, आणि पाणबुडी गेली म्हणजे खानदानात आपल्याकडे उरतं काय? साफ नाही म्हणून कळवा.

ताईला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

आपला विश्वासू मेव्हणा

ता. क. सोबत डोंगराला नाव द्यायचा बाईंचा फॉर्म जोडला आहे. ‘मी ऐकला तो आवाज पाणबुडीचा नसून डोंगराचा असावा’ एवढ्यावर तुमची सही लागते. मी खूण केली आहे तिथे करा. हो, वर नाही म्हणा असं लिहिलंय खरं, पण ते मी सोमवारी लिहिलं. आज गुरुवार आहे.

ता. क. २. तुम्ही म्हणाल, पण त्या दिवशी पाण्यावर तेलाचा तवंग आला होता, त्यावरूनच तर पाणबुडी फुटली असं ठरलं. दाजी, ते तेल आपलं होतं. वंगणाची तीन पिंपं मी आळसाने मागच्या डेकवर न बांधता ठेवली होती. धक्क्याने ती उलटली आणि समुद्रात सांडली. सगळे ‘तेल, तेल’ करून नाचायला लागले आणि मी भीतीने गप्प बसलो. रजिस्टरमध्ये ‘तीन पिंपं, वापरात खर्च’ असं लिहून सही केली. म्हणून मी रजिस्टरं लपवत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. चिखलबाई बिचाऱ्या साध्या आहेत. चिखल बघून हसतात, एवढंच.

ता. क. ३. हे पत्र ताईला दाखवू नका असं लिहिणार होतो, पण धीर सुटला आणि काल फोनवर तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता लग्नावरून मला फाडून खाईल. तिने फक्त विचारलं, ‘म्हणजे त्या दिवशी खाली माणसं नव्हती?’ मी म्हटलं, कुणीच नव्हतं. मग ती रडायला लागली. म्हणाली, दरवर्षी त्या तारखेला हे जेवत नाहीत, पोट बिघडलंय म्हणतात, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. दाजी, मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. पोरांच्या लग्नात माईक घेऊन मी ती गोष्ट सांगत होतो आणि तुम्ही बाहेर जात होतात, तर मला वाटलं विनय आहे.

खाली कुणीही नव्हतं, दाजी. एकही माणूस नव्हता. पाहिजे तर हे मी रजिस्टरमध्ये लिहून देतो, खाली सही करून.

फॉर्म भरायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. ती तारीख येत्या रविवारी आहे. मी सुट्टी काढून येतोय. ताईला सांगा, पानं तीन वाढ.