कॉलले आधी वाट

९ ऑक्टोबर, गुरुवार
माह्या दोस्ताच्या, सोपानच्या मोबाईलमधी माह्या नंबरले 'तहसील साहेब' नाव देलं. दुपारी आवाज बदलवून फोन लावला तं भर वावरात ताठ उभा राहून "हो सर, हो सर". सोंगणी बंद. हसून हसून पोट दुखलं.
घरी आलो तं शीतलताई खुश. नर्सिंग होऊन वरीस झालं, आता नागपूरच्या एका हॉस्पिटलातून बोलावणं आलं. सोमवारी ११ वाजता इंटरव्ह्यू. मोबाईलवरच, व्हिडिओवर.
बाबा म्हणे, "झालं तं जाय. नाई झालं तं अनसिंगच्या स्थळाले मी हो म्हणून टाकतो."
अनसिंगचा पोट्टा तिले पसंत नाई. मले बी नाई. दात कोरत बोलते.

१० ऑक्टोबर
व्हिडिओची ट्रायल घेतली. मी वावरातून, ताई घरून. तिचं तोंड उघडलं तं उघडंच राह्यलं, फोटोवानी. साधा कॉल लावला तं खणखणीत. असं काहून?
पप्पूभाऊ टावरच्या जनरेटरमधी डिझेल टाकाले आलता. स्वतःले इंजिनियर सांगते. खर्रा चघळत म्हणे, "कॉलले आधी वाट देते बे टावर, अंबुलन्सवानी. मंग बाकीचे. गर्दी झाली का व्हिडिओ-बिडिओ उरल्यासुरल्यात. थ्यातही भारी पॅकवाल्याचं आधी, तुह्यासारख्याचं मांगून, असं म्हणते."
"म्हणते म्हंजे?"
"म्हणते म्हंजे म्हणते. मले काय टावर येऊन सांगते?"
बाबाले सांगतलं. बाबा म्हणे, "तुह्या आज्याले विहिरीवर बी मांगंच उभं ठेवत."
मी हसलो. बाबा नाई हसले.

११ ऑक्टो.
ताई म्हणे, रिसोडले जाऊन इंटरव्ह्यू देतो, तिथं नेट बरं हाय. बाबा म्हणे, "कोणाच्या दुकानात बसून बोलशीन चारचौघात? घरूनच दे."
संपलं. ताई भाकरी थापून राह्यली. लय जोरात थापे.

१२ ऑक्टो., रविवार
डोकं चाललं. गर्दी हाय म्हणून वाट नाई, तं गर्दीच हटवून टाकू! जुन्या सिमवरून गावच्या ग्रुपात सोडलं: 'उद्या सकाळी ११ ते १२ टावरचं काम हाय. ज्याचा डेटा चालू राहीन त्याचा अख्खा पॅक उडन. कृपया सगळ्यायनं डेटा बंद ठेवा.'
घंटाभरात गावभर. किराणावाल्यानं तं मलेच समजावून सांगतलं, "ध्यान ठेव बरं, पॅक उडते." मी म्हणलो, बापरे.
ताईले काई सांगतलं नाई. झाल्यावर सांगतो. अशी हसन ना.

१३ ऑक्टो., सोमवार
पावणेअकराले गावातले सगळे रील बंद. चावडीवर पोट्टे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यले, काय करावं समजेना.
मी खिडकीबाहेर. ताई पांढरा ड्रेस घालून खुर्चीवर. हॉस्पिटलच्या मॅडमचं तोंड काचेवानी साफ! ताई मस्त बोलून राह्यली होती, इंजेक्शन, सलाईन, काय काय. मी एकटाच नाचलो गोठ्यामांगं.
मंग बाबाचा फोन वाजला. सोपानचा बाप. "डेटा बंद केला का हो तुमी?" ठेवला तं दुसरा. बाजूच्या घरात वाजला. त्याच्या बाजूच्या घरात वाजला. डेटा बंद, ग्रुपात इचारता येत नाई, म्हणून जो तो फोन लावून राह्यला. अख्खं गाव कॉलवर. अन् कॉलले आधी...
मॅडम थांबून थांबून हालाले लागली. मंग थिजली. तेवढ्यात ताईच्याच मोबाईलवर, इंटरव्ह्यूच्या छातीवर बसून, आत्याचा कॉल. ताईनं कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तिसऱ्या खेपेले घाईत उचलल्या गेला. आत्या बाहेरपर्यंत ऐकू आली, "शीतल, तुह्यं नेट बंद केलं का वं माय?"
मॅडम परत आली तं एवढंच बोलली, "तुमी डिस्टर्ब दिसता. कळवू."
कळवू म्हंजे काय थे मले समजते.

१४ ऑक्टो.
गाव पप्पूभाऊले शिव्या देऊन राह्यलं. काम बी नाई झालं अन् आमचा घंटा गेला म्हणे. थो शपथा घेऊन राह्यला. मी तिथून सटकलो.
संध्याकाळी ताईनं मोबाईल समोर धरला. तोच मेसेज, वर माह्या जुन्या सिमचा नंबर. "हे तू टाकलं."
इचारलं नाई. सांगतलंच.
"तुह्यासाठीच केलं ना ताई."
"मले इचारलं होतं?"
डोळ्यात पाणी नाई. रडली असती तं बरं झालं असतं. बाबा तिकडं अनसिंगले बोलून राह्यले, रविवारी या म्हणे. आवाज किती साफ जाते पाहा.
रात्री ताई म्हणे, "उद्या त्या मॅडमले तू फोन लावशीन. माह्यासमोर. खरं सांगशीन. अन् आवाज बदलवायचा नाई."
म्हणलं, थे काय आयकन माह्यं? मी कोण?
"थे तिले ठरवू दे."

१५ ऑक्टो.
काय बोलू? मॅडम, मी तिचा भाऊ, गावाले येडं बनवाले गेलो अन्... पाठ केलं, इसरलो. गावात कोणाले बी गंडवतो, आता खरं बोलाले जीभ नाई वळून राह्यली.
ताईनं नंबर लावून हातात देला. इथून कॉल तं लगेच लागते. लागनच. रिंग जाऊन राह्यली. ताई माह्या तोंडाकडं पाहून राह्यली.
कोणी उचललं नाई.
"पुन्हा लाव," ताई म्हणे.