बंधाऱ्यास स्पष्ट नकार मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय.

विषय : धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची माझी मागणी लेखी व स्पष्ट शब्दांत नाकारण्याबाबत.

संदर्भ : "सदर बाब विचाराधीन आहे" असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

१. मी शिवणकाम करते व म्हाताऱ्या आईसह समुद्राकडच्या शेवटच्या गल्लीत राहते. मागच्या उधाणात आमची विहीर व पुढची पडवी गेली. आता स्वयंपाकघराच्या भिंतीखालची वाळू सरकत असून भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आहे. शेजारचे लोक केव्हाच निघून गेले. बंधाऱ्यासाठी अर्ज मीच केला होता.

२. सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तेव्हा मी मागच्या बाकावर हजर होते. एका सभासदांनी विचारले, की गेल्या खेपेस टाकलेली वाळू समुद्राने गिळली, आता दगड टाकून त्याचे पोट भरणार आहे काय. सभागृह हसले. त्यानंतर आमच्या प्रभागाचे नगरसेवक उभे राहिले. ते माझे सख्खे धाकटे भाऊ आहेत. ते म्हणाले, "बाजारातली गटारं तुंबली की निम्म्या गावात पाणी शिरतं. किनाऱ्यावर मोजकी घरं उरलीत. त्यातलं एक माझ्या आईचं आहे. तरी पैसा गटारांनाच द्यावा." बाके वाजली. निधी गटारांना मिळाला. बंधाऱ्याला कोणी उघड नाही म्हटले नाही, विषय फक्त पुढे ढकलला.

३. भावाचे बोलणे मला तेव्हा खोडता आले नाही व आजही येत नाही. याबाबत माझी तक्रार नाही.

४. तक्रार आपल्या पत्राबाबत आहे. ते मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "विचार चाललाय ना? मग कशाला उठायचं? माझा लेक बसलाय तिथं." मी सभेत घडले ते सांगितले. त्यावर तिने तोंड फिरवले व "तो जन्मला तेव्हापासून तुझ्या डोळ्यात सलतो," असे म्हटले. माझ्या शिवणाच्या दुकानामागची एक खोली मी भाड्याने ठरवली आहे. हातगाडीवाल्यास बोलावलेही होते, परंतु आईने खाटेची दांडी धरली ती सोडली नाही. तो बिचारा रिकाम्या गाडीने परत गेला.

५. भावास मी फोन केला.  तो म्हणाला, "ताई, सभेत बोललो, पण तिच्या तोंडावर माझ्याच्यानं नाही बोलवणार. तूच काहीतरी कर." त्यानंतर तो घरी फिरकलेला नाही. आईने त्याच्यासाठी आतली कोरडी खोली राखून ठेवली आहे. ती स्वतः भिंतीकडच्या खोलीत निजते.

६. बंधारा होणार नाही हे आपणांस ठाऊक आहे, सभासदांस ठाऊक आहे व मलाही ठाऊक आहे. फक्त आईस ठाऊक नाही, आणि तिचा माझ्यावर विश्वास नाही. शिक्क्यावर आहे. तरी माझी मागणी नामंजूर केल्याचे पत्र कृपया पुढच्या अमावस्येच्या भरतीआधी द्यावे. "तूर्त", "यथावकाश", "निधी उपलब्ध झाल्यास" असे शब्द त्यात घालू नयेत. त्या शब्दांवर ती आणखी एक पावसाळा काढील, घर सोडणार नाही.

७. शक्य झाल्यास ते पत्र घेऊन कार्यालयातील कोणी जबाबदार माणूस पाठवावा. त्याने मागच्या दाराने यावे. आई त्यास बसावयास सांगेल, पाणी देईल व मुलगा कामात फार दमतो काय, असे विचारील. येणाऱ्याने उभ्यानेच सांगावे. एकदा बसल्यावर तिला नाही म्हणणे कोणालाच जमत नाही. मी पाहिले आहे.

कळावे, उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र,
(सही)
शिवणवाली ताई
समुद्राकडची शेवटची गल्ली

दिनांक : १९ जुलै

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) घराचे छायाचित्र. (यातील पडवी व विहीर आता नाही.)