बाईने बाईला सांगू नयेत असे शब्द

प्रिय आर्गिरिस,

पत्र फोडण्याआधी पाकिटाची मागची बाजू उजेडात धरून बघ. डिंकाच्या पट्टीवर मी केसाएवढी निळी रेघ मारली आहे. ती अखंड असेल तरच पाकीट फोड. आता तू म्हणशील, हे आत लिहून काय उपयोग, फोडलं तेव्हाच कळणार! म्हणजे बघ, माझी अक्कल कुठे चरायला गेली आहे. हल्ली मी सगळ्यांकडे तिरक्या नजरेने बघते आणि सगळे माझ्याकडे. शाळेच्या टपालपेटीवर तर माझा काडीचा भरवसा नाही. टेकडी उतरून व्होलोसच्या बंदरावरच्या पेटीत हे टाकून येणार आहे.

तुझा वाळवलेल्या आलुबुखारांचा डबा नाताळात मिळाला. आत चिठ्ठी नव्हती. तळाचा कागदसुद्धा मी उचकटून बघितला. दर नाताळात एक डबा आणि अक्षर एक नाही. तुझ्या बहिणीनेच परस्पर पाठवला असेल, अशीही पाल मनात चुकचुकली. पण दोरीची गाठ तुझी होती, शाळेच्या बसच्या टपावर मुलींच्या बॅगा बांधायचास तशी, सोडवता सोडवता नख तुटेल अशी. तू निवृत्त झालास की पळालास, हा माझा जुना संशय अजून तसाच आहे. असो.

बातमी अशी की शाळेतल्या मुलींच्या वसतिगृहाची मावशी मी आता राहिले नाही. तळमजल्यावरची माझी खोली आहे, पण जिना चढायला मनाई. दिवसभर धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. कुणीतरी वर जाऊन सांगितलं, की पोलिक्सेनी मुलींना खोलीत घेते, दार लावते आणि काहीतरी पुटपुटते. मी काय करते ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? बशीत पाणी, पाण्यात तेलाचे थेंब, आणि तू मला दिलेले शब्द. दार लावते कारण वाऱ्याने तेल हलतं, मग दृष्ट लागली आहे की नाही ते धड कळत नाही.

चुगली कुणाची, या एका विचाराने मी पोखरून निघाले. पहिला संशय अर्थातच आपल्या स्वयंपाकीण पागोनावर. हिनेच तुझ्यामाझ्या गोष्टी स्वयंपाकघरातून बसथांब्यापर्यंत पोचवल्या होत्या. मसुराच्या आमटीला ती फोडणी देत होती, तेव्हा मी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं म्हटलं, “काही लोकांना दुसऱ्याच्या दाराला कान लावायची खोडच असते.” तिने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, “अगं बये, तुझ्या दाराला कान लावून मिळणार काय? आर्गिरिस गेल्यापासून आत नुसतं घोरणं ऐकू येतं.” भांडी घासणाऱ्या सगळ्या पोरी खिदळल्या. मग मी कसरत शिकवणाऱ्या लेफ्टेरिसवर नजर ठेवली. तो मला रोजच्यापेक्षा गोड हसून नमस्कार करू लागला होता. गोड हसणाऱ्याच्या पोटात काय असतं ते मला विचार. नंतर कळलं, बिचाऱ्याला सदऱ्याचं बटण लावून हवं होतं.

शेवटी चुगलखोर आपल्या पायांनी चालत धुलाईघराच्या खिडकीशी आली. आयझेरे. कझाकस्तानची, तेरा वर्षांची, यंदाच आलेली. आल्यापासून कपाळ धरून बसायची. तिची आजीही घरी दृष्ट काढते म्हणे, म्हणून माझी बशी बघून तीच मागे लागली होती, “मावशी, माझी काढ ना.” तिच्यासाठी शब्द सुरू केले की मला अशा जांभया यायच्या की जबडा निखळेल, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. म्हणजे दृष्ट सणसणीत. ती पोर खिडकीच्या गजांना धरून म्हणाली, “मावशी, मीच सांगितलं. मराइकेबाईंनी विचारलं, इथलं कुणी मोठं माणूस तुझ्याबरोबर असताना दार लावतं का, कुणाला सांगू नकोस म्हणतं का. मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं का?”

नाही गं बाळा, म्हटलं. पण आतून मी पेटले. मराइकेबाई तुझ्यानंतर आल्या. हॉलंडच्या आहेत. मुलांच्या मनाचं आणि जिवाचं सगळं बघणं हे त्यांचं काम. हसतात कमी, विचारतात फार. पोरांकडून कबुल्या काढून घेणारी बाई, असं मी मनात त्यांचं बारसं करून टाकलं होतं. तशीच तणतणत त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, दार सताड उघडं ठेवलं, आणि आपल्या मोडक्या ग्रीकमध्ये म्हणाल्या, “पोलिक्सेनीबाई, बंद दार, कुजबूज, आणि वर ‘शब्द कुणाला सांगायचे नसतात’. मुलांना इजा करणारी माणसंही नेमकं हेच करतात. तुम्ही तशा नाही असं मला वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर मी मुली सोपवू शकत नाही.”

आर्गिरिस, गेले होते भांडायला, आणि मनात त्यांचीच बाजू घेऊन बसले. त्यांच्या जागी मी असते तर मीही माझ्यावर संशय घेतला असता. दूरदूरच्या आयांनी आपल्या पोरी आमच्या ओटीत टाकल्या आहेत, तिथे डोळे मिटून कसं चालेल? शिवाय बाईंनी आयझेरेला व्होलोसच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मा लागला आणि डोकेदुखी निम्मी पळाली. मी म्हटलं, “बघा, दोष डोळ्याचाच होता की नाही!” तेव्हा कुठे त्या हसल्या. म्हणाल्या, “मला फक्त ते शब्द सांगा. मुलींच्या कानावर काय पडतं ते मला कळलं, की दार उघडं ठेवून खुशाल दृष्ट काढा.”

आणि इथेच माझी गाडी रुतली. बाईने बाईला दिले की ते शब्द मरतात. पुरुषाने बाईला द्यायचे, बाईने पुरुषाला. शाळेच्या मुख्य बाई, नर्स, मराइकेबाई, सगळ्या बायका! लेफ्टेरिसला सांगावे तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत चेंडू खेळणारी पोरं तेच गात सुटतील. कुठलीतरी चर्चमधली प्रार्थना म्हणून मी सुटले असते, पण पोरीच्या काळजीने विचारणाऱ्या बाईशी खोटं बोलायला जीभ रेटेना. मी गप्प राहिले. त्या म्हणाल्या, “म्हणजे मला सांगता येणार नाही असं त्यात काहीतरी आहे तर.” आणि त्यांचा चेहरा पुन्हा मिटला. ईस्टरची सुट्टी संपली की माझं काय करायचं ते ठरेल.

मला काढलं तर चादरी काय, कुणीही घडी घालेल. पण आयझेरेचं ताट भरलेलंच परत येतं. हे मला सांगितलं कुणी? पागोनाने! एप्रनला हात पुसत आली नि म्हणाली, “पोर म्हणते, मी खरं बोलले म्हणून मावशी जाणार. काहीतरी कर, नाहीतर ही पुन्हा कुणाला खरं सांगणार नाही.” त्यानंतर पागोनावर संशय घेणं मला जमलेलं नाही. सुट्टीत बाकीच्या मुली घरी जातील, ही इथेच राहणार, एवढ्या मोठ्या जेवणघरात एकटी.

म्हणून हे पत्र. मला ते शब्द बाईला सांगता येत नाहीत, तुला येतात. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या गुरुवारी बसच्या पायरीवर बसून तू ते मला दिलेस, तसे येत्या मोठ्या गुरुवारी मराइकेबाईंना दे. पुढच्याच आठवड्यात आहे. तुझ्या स्कोपेलोस बेटावरून सकाळची बोट धर. त्यांच्या खोलीचं दार उघडं ठेवूनच सांग, मी लांब लिंबाच्या झाडांपाशी उभी राहीन. मग आयझेरेला घेऊन आपण जेवायला बसू. खरं बोललं म्हणून कुणी जात नाही, उलट एखादा परत येतो, हे तिला डोळ्यांनी दिसू दे, नव्या चष्म्यातून. तू आलाच नाहीस तर डबे तुझी बहीणच पाठवते, असं मी समजेन. आणि आलास, तर माझ्या खोलीत बशी भरलेली असेल. तू गेल्यापासून माझं डोकं ठणकतं आहे आणि आपली दृष्ट आपल्याला काढता येत नाही. दार उघडंच ठेवू, तेल हललं तर हललं. पागोनाला ऐकायचं असेल तर ऐकू दे.

तुझीच,
पोलिक्सेनी