छातीतली नळी

६ फेब्रुवारी, गुरुवार
ताप! तन्वीरना ताप आलाय. दुपारी भाकरी द्यायला गेले तर गोधडीत कुडकुडत पडलेले. "काहून सांगितलं न्हाई?" तर म्हणे, "सांगितलं की तू परत पुण्याला नेशील."

नेणारच! ब्लड कॅन्सर झाला तेव्हा त्यांच्या बहिणीनं, शाईस्तानं, मूळपेशी दिल्या. पुण्याला त्या चढवल्या. घरी येऊन महिनाही झाला न्हाई अजून. डॉक्टरांनी बजावलं होतं — यांच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद न्हाई. ताप आला की गोळी देऊन बसायचं न्हाई, आधी दवाखाना!

सासूबाई, आमच्या अम्मी, म्हणाल्या, "उद्या जुमा हाय. नमाज झाली की जा."
आजवर अम्मींपुढं तोंड उघडलं न्हाई. आज उघडलं — "उद्यापर्यंत ते राहतील का, सांगा!" त्या रडायला लागल्या. मी जीप बोलावली.

संध्याकाळी, अंबाजोगाई
तपासायला रक्त घेतलं नि लगेच शिरेतून अँटिबायोटिक चालू केलं. डॉक्टरांनी पुण्याला फोन लावला. तिकडून निरोप — रिपोर्टची वाट बघू नका, औषध चालू ठेवूनच ॲम्ब्युलन्सनं आणा. बीपी लई खाली. ओठ निळसर. या अल्लाह!

८ फेब्रुवारी, पुणे
जंतू रक्तात गेलेत. औषधं द्यायला छातीत नळी बसवलीय ना — तिच्यात घर करून बसले होते. ती नळी रोज मीच साफ करायचे. माझ्याच हातनं झालं का? नर्सबाई म्हणाल्या, "लई जपलं तरी होतं हे, ताई." मला न्हाई पटलं.

९ फेब्रुवारी
पहिलं औषध त्या जंतूंवर चालतच न्हाई! बदललं. नळी काढून टाकली. ते आयसीयूत, मला आत सोडत न्हाईत.

१२ फेब्रुवारी
ताप उतरला! पुन्हा रक्त तपासलं — जंतू न्हाईत. शाईस्ताच्या पेशीही टिकल्यात म्हणे. अम्मी फोनवर नुसत्या रडत होत्या. तन्वीरना खोलीत हलवलं. काचेतनं बघितलं — गाल पार बसलेत. उद्यापासून मला आत जाऊ देणार. केवढे दिवस झाले हात धरून!

१३ फेब्रुवारी
उठल्यापासून घसा दुखतोय. थर्मामीटर लावला — एकशे एक. शाईस्ताला फोन केला, तू ये. काचेपलीकडून तन्वीर हात हलवून बोलावत होते. मी मागं सरकले.