दार समोरून

प्रिय आभा,

तुझ्या बाबांनी दवाखान्याचं मागचं दार आतून लावून घेतलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. बाहेर मी, माझा हात धरलेला सोनू, आणि आतून कंपाउंडरचा आवाज, "मॅडम आता इथं बसत नाही. जा बावा."

तू म्हणशील, किती दिवस तेच धरून बसशील. धरून बसणार! सोनू तुझा भाऊ नाही, म्हणून तुला सोपं आहे. नऊ वर्षांचं पोर. मित्र डोळ्यांदेखत कालव्यात बुडाला तेव्हापासून त्याची वाचाच बसली. कॉलर चावून चावून शर्टाच्या दशा केल्या त्यानं. तुझ्या बाबांनी आधी टॉनिक दिलं, मग सलाइन लावलं, मग म्हणाले, "लाड कमी करा, बोलेल आपोआप." यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं तर मोठ्या माणसांच्या रांगेत बसवलं, आणि शेवटी खिडकीतून सांगितलं की पोरांचं पाहणारं इथं कोणी नाही, नागपूरला न्या. दर खेपेला माझं प्रॅक्टिकल बुडायचं. शेवटी आपलं पुसदचं कॉलेजच सोडलं. तेव्हा तू पहिल्यांदा काय विचारलंस, आठवतं? "आता आपल्याबद्दल बाबांना मी काय सांगू?" सोनू कसा आहे, हे दुसऱ्या दिवशी विचारलंस. दोन्ही लक्षात आहे माझ्या. आणि तरी बसस्टँडवर पुसदची गाडी लागली की मी अजून तुझी ओढणी शोधतो, हेही खरं. त्याचा तर मला जास्तच राग येतो.

खोटं कशाला बोलू, पोरांच्या मनाच्या डॉक्टर शोभा मॅडमना दिग्रसला आणलं तुझ्याच बाबांनी. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्या अमरावतीहून यायच्या आणि मागच्या ड्रेसिंगच्या खोलीत पोरांना तपासायच्या. आम्ही सगळे मागच्या गल्लीतून, उकिरड्याच्या कडेनं. का, तर पोराचं नाव खराब होऊ नये! आम्हीही काही कमी शहाणे नाही. बाया पोरांच्या डोक्यावर पदर टाकून आणायच्या. कोणी भेटलंच तर माझी आईच म्हणायची, "दात दाखवाले आणलं जी." आत मॅडम सोनूला मातीचे बैल करू द्यायच्या. तिसऱ्या खेपेला त्यानं एक बैल त्यांच्याकडे सरकवला अन् म्हणाला, "याले पाणी नको." आईनं तिथंच तोंडात पदर कोंबला.

पुढच्या महिन्याच्या गुरुवारी दार बंद. गावात बोभाटा झाला होता, "डॉक्टरकडे पागलखाना निघाला," आणि तुला स्थळं येऊन राह्यली होती. फोनवर तू म्हणालीस, "बाबांचंही चुकत नाही रे रजत, पाहुणे काय म्हणतील?" पाहुणे! सोनू पुन्हा मुका झाला, आभा. बैल घेऊन झोपतो.

काच फोडावी वाटलं तुमची. पण काच काय, तुझे बाबा दोन दिवसांत नवी बसवतील. मी आता खेमसिंगच्या दुकानात बोर्ड रंगवतो. तिथंच ब्रश धुता धुता सुचलं, यांना न फुटणारी गोष्ट पाहिजे. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, एक खोली दे, येते.

आज पहिला गुरुवार. मॅडम बंद झाल्यापासून या दिवशी दवाखाना मोकळा असतो म्हणून बाबांनी पाहुण्यांना मुद्दाम आजचं बोलावलं ना? तुमच्या घरासमोर इंदूबाईचं शिलाईचं दुकान आहे, त्यातली पुढची खोली तिनं दिली. म्हणाली, "माह्या नातवालेबी दाखवाचं हाये, पण चोरावानी कायले जाऊ?" बोर्ड मी रंगवलाय, तुझ्या माडीच्या खिडकीएवढा, लाल अक्षरांत: मुलांच्या मनाचा दवाखाना, दार समोरून. पाहुण्यांनी पोहे खाता खाता वाचावा. खाली बाकावर सोनू बसेल, उघड्या डोक्यानं. हे पत्र इंदूबाईनं शिवलेल्या तुझ्या आजच्या ब्लाउजच्या घडीतून तुझ्याकडे येईल. माफीसाठी नाही लिहिलं. बोर्ड कोणी लावला हे तुला माझ्याकडूनच कळावं, आणि पाहुण्यांसमोर तू खिडकीचा पडदा ओढतेस की उघडाच ठेवतेस, ते मला खालून पाहायचंय, म्हणून लिहिलं. सोनूनं चपला घातल्या. बोर्ड उचलतो, निघतो. आमच्या घराला एकच दार आहे, पुढचं. ते ओढून घेतो.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
रजत