माग उतरेपर्यंत

४ मे
तुकायने शेवटी घोळ घातलाच! घोड्यांच्या झुंजीत कुणाचं घोडं पळालं यावरून वाद, आणि माझ्या या शहाण्या भावाने बाबांची तलवार उपसली. समोरच्या घोड्याच्या मालकाचा, लोमेतचा, उजवा हात कामातून गेला.

आमच्या प्रमुखांनी, दातूंनी, निवाडा दिला. दंड म्हणून तीच तलवार, एक घोडी आणि माझ्या स्वप्नात दिसलेल्या नक्षीचं, मी विणायचं तिनालाक कापड. जूनच्या पौर्णिमेआधी. "विणताना पथ्य मोडलं तर समेटही मोडला. मग लोमेतचे भाऊ जाणोत आणि तुकाय जाणो."

६ मे
रंगवलेलं सूत तयारच होतं, माग लावला. पथ्य हेच, कापड उतरेपर्यंत नवऱ्याचा स्पर्श नाही. मला काय अवघड! आदोय जानेवारीपासून अननसाच्या मळ्यावर, नाताळाशिवाय येत नाही.

सासूबाईंचं नेहमीचं – "कापडं विणतेस, बाळाची झोळी कधी बांधणार?" सहा वर्षं हेच ऐकतेय. मी विणत राहिले. हात थरथरला की धागा तुटतो.

१५ मे
निम्मं झालं. ऊन चढलं की अबाकाचा, रानकेळीच्या वाखाचा, धागा तडकतो, म्हणून पहाटेच बसते. आज लोमेतची आई, सिंडुग, येऊन शेजारी बसली. स्वतः जुनी विणकरीण. नजर माझ्या बोटांवर. "माझ्या पोराचा हात आहे यात. नीट विण, बाई."

१९ मे
काय करून बसले मी!

भर दुपार. माग बंद, सासूबाई शेतावर. आदोय मागच्या दाराने आला, मुकादमाला चुकवून. म्हणे, "नुसतं बघून जातो." तसाच गेला असता तर! पण नको म्हणाले नाही ते मीच. आला तसा गेला. कुणी पाहिलं नाही.

२० मे
तीन धागे तुटले. गाठी मारल्या.

२१ मे
एकही तुटला नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

५ जून
कापड उतरवलं. सुंदर झालंय. बघवत नाही.

९ जून
दातूंच्या घरी दोन्ही घरची माणसं जमली. कापड अंथरलं, वर तलवार आडवी. सिंडुगने नखाने सगळं चाचपलं. त्या तीन गाठींपाशी थांबली.

"पुरुषाचा स्पर्श?" तिने विचारलं.

शपथेसाठी मी तलवारीच्या पात्यावर तळवा ठेवला. म्हणाले, "नाही. आदोयला जानेवारीपासून पाहिलंही नाही." इतकं कुणी विचारलं होतं? भीतीने जीभ सैल सुटली.

तिने कापड उचलून खांद्यावर घेतलं. लोमेतने डाव्या हाताने तुकायला भाताचा घास भरवला. तुकाय ढसाढसा रडला. मीही.

२३ जून
पाळी चुकून तीन आठवडे झाले. सहा वर्षं जे देवाकडे मागितलं ते आता आलं. खरं सांगावं तर तुकायचा जीव जातो. न सांगावं तर मूल दुसऱ्या कुणाचं ठरतं.

आज जेवताना सासूबाईंनी माझ्या पानाकडे पाहिलं. "मासा का बाजूला सारलास गं?"