सूचनाफलकाची काच

प्रति,
मा. अध्यक्ष, श्री. गुलाबराव देशमाने,
सह्यरंग सहकारी गृहनिर्माण संस्था,
द्वारका, नवी दिल्ली

विषय : फलकावरील काच व कुलूप काढून मिळणेबाबत.
संदर्भ : काच बसवण्याचा, एकमताने मंजूर झालेला ठराव.

महोदय,

१. अर्जदार साहित्याचा समीक्षक असून हुकूमशाहीविरुद्ध त्याची तीन पुस्तके आहेत. संस्थेच्या सांस्कृतिक समितीचाही तोच प्रमुख. गेल्या महिन्यात संस्थेच्या हॉलमध्ये 'मोकळेपणाने बोलण्याचा हक्क' या विषयावर तो दीड तास बोलला. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरील श्रीमती नीलम वासनिक यांनी फलकावर चिठ्ठी लावली : "सरांचे म्हणणे पटले. मात्र प्रश्न कोणालाच विचारू दिला नाही."

२. अर्जदाराने चिठ्ठी काढून फाडली. वाऱ्याने कागद उडतात, सबब फलकाला काच व कुलूप हवे, हेही त्यानेच सुचवले. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कोणी हूं की चूं केले नाही. आपण तर "बिल्कुल, सर!" म्हणालात. किल्ली अर्जदाराकडे आली.

३. तेव्हापासून रहिवासी त्याच्याशी फारच अदबीने वागतात. जुना गीझर विकायचा असला तरी फलकावर लावायच्या कागदावर आधी सही त्याची. वैजयंतीबाईंनी सत्यनारायणाचे आमंत्रण आणून "काही खटकलं तर खोडा हं, सर" असे सांगितले. कळवण्यास लाज वाटते, अर्जदाराने एक विशेषण खोडले.

४. अखेर तो नीलमताईंच्या दारी गेला आणि चिठ्ठी पुन्हा लिहून लावा म्हणाला. त्या म्हणाल्या, "आता नको, सर. आता ती तुमच्या परवानगीनं लागेल." त्यांनी चहा विचारला. तो घेववला नाही.

५. किल्ली परत घ्यायला कोणी तयार नाही. "तुमच्याकडेच शोभते" हे आपलेच उत्तर. अर्जदाराने स्वतः काच काढली, तर तीही त्याचीच मर्जी ठरेल. तरी विनंती की, काच व्यवस्थापन समितीने रीतसर ठराव करून काढावी आणि त्या ठरावाला निदान एकाने विरोध करावा. कोणी न मिळाल्यास चिठ्ठ्या टाकून नेमावा. तसेच अर्जदाराच्या व्याख्यानावर केवळ प्रश्नांची सभा बोलवावी. पहिला प्रश्न नीलमताईंचा. त्या आल्या नाहीत, तर त्यांचा वेळ अर्जदाराला देण्यात येऊ नये, त्याने मागितला तरी.

आपला नम्र व खजील,
(सही)
पद्माकर टिकेकर
दि. ११ नोव्हेंबर २००२